कच्चा मसुदा घेऊन या

सत्र संपत आलं की अंबाजोगाईतल्या झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांपुढे महाविद्यालयीन मुलामुलींची गर्दी वाढते. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आलेली असते. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका हे सगळं दुकानातल्या संगणकात आधीच तयार असतं. नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक बदलला की काम होतं. मधली पानंही पुष्कळदा मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रकल्पातली असतात. स्पायरल बाइंडिंग होतं, फाइल विभागात जमा होते, गुण मिळतात. फक्त लिहिणं तेवढं कुठेच घडत नाही.

मुलं आळशी झाली आहेत असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण ते खरं नाही. घरचं आवरून, डबा भरून, घाटनांदूरहून किंवा बर्दापूरहून सकाळची एसटी गाठणारी मुलगी आळशी नसते. दोन पानं स्वतःची लिहावीत असं तिलाही वाटत असतं. पण पहिलं पान लिहून झालं की ते दाखवायचं कुणाला? सरांना दाखवावं तर ते तपासतील, म्हणजे चुकांवर लाल गोल करतील, ही भीती. घरात आईवडिलांची शाळा चौथी-सातवीत सुटलेली. मैत्रीण तिच्याइतकीच गोंधळलेली. शेवटी ती त्या दुकानात जाते, कारण तिथे कुणी काही विचारत नाही.

लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षकाच्या आधी एक वाचक मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देण्याची एक ठरलेली जागा महाविद्यालयात असली पाहिजे, हे मला मांडायचं आहे. जगभरच्या अनेक विद्यापीठांत अशी जागा असते. तिथे विद्यार्थी आपलं अर्धवट, कच्चं लेखन घेऊन जातो. समोर बसलेला माणूस ते वाचतो, प्रश्न विचारतो, आणि विद्यार्थी उठतो तेव्हा पुढे काय लिहायचं हे त्याला उमगलेलं असतं. आपण तिला लेखन कक्ष म्हणू. अशी खोली अंबाजोगाईत का हवी, ती कशी चालावी आणि विद्यार्थ्यांनी तिथे बिनधास्त का जावं, हे आता पाहू.

लिहिणाऱ्यांचं गाव

अंबाजोगाईची ओळख योगेश्वरीच्या नावाने आहे, तशीच ती लिहिणाऱ्यांच्या नावानेही आहे. मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगरकड्याखाली आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ परंपरेने शके 1110, म्हणजे इ. स. 1188 मानला जातो. या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, आणि वैनगंगेकाठचं आंभोराही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. पण त्या ग्रंथाच्या रचनेबद्दल वाद नाही. तो गुरुशिष्यांचा संवाद आहे. शिष्याला शंका येते, तो विचारतो, त्यातून विषय पुढे सरकतो. वेदान्तासारखा अवघड विषय संस्कृत न येणाऱ्यापर्यंत पोचवायचा, तर त्याचे प्रश्न आधी ऐकावे लागतात, ही जाण त्या रचनेत आहे.

पुढे सोळाव्या शतकात दासोपंत इथे राहिले. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचं परंपरा सांगते. रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असंही गावात सांगतात. त्यांची पासोडी तर अंबाजोगाईचं वैभवच. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचा, विषय मांडला. नुसता ओव्यांनी मांडला असं नाही. आकृत्या आणि कोष्टकं आखून त्यांनी तो वाचणाऱ्याच्या नजरेपुढे उलगडला. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्याला कसं दिसेल, याचा एवढा विचार करणारा माणूस या गावात होऊन गेला.

विसाव्या शतकात या गावाने लेखनाच्या हक्कासाठी वेगळी लढाई पाहिली. निजामाच्या राज्यात 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. मराठी मुलाला वरचं शिक्षण घ्यायचं तर आधी परक्या भाषेत लिहायला शिकावं लागे. अशा काळात खाजगी मराठी शाळा चालवणं हेच राष्ट्रकार्य होतं. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ 1935च्या सुमारास अंबाजोगाईला आले, योगेश्वरीच्या शाळेत त्यांनी शिकवलं, आणि 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, आणि आपल्या भाषेत पदवीची परीक्षा लिहिणारी पिढी इथे घडू लागली.

आज या गावात योगेश्वरी शिक्षण संस्थेचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय आहे, खोलेश्वर महाविद्यालय आहे, ‘मानवलोक’चं समाजकार्य महाविद्यालय आहे, ग्रामीण भागासाठी उभारलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरलं. व्याख्यानमाला आहेत, भित्तिपत्रकं आहेत, वार्षिकांक निघतात. पण या सगळ्या ठिकाणी पूर्ण झालेलं लेखन आणि तयार झालेला वक्ता लागतो. लेखन पूर्ण होण्याआधीच्या धडपडीला मात्र आपल्या बहुतेक महाविद्यालयांत जागाच नाही.

आताच का

गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांकडून लेखनाची मागणी एकदम वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा आला. त्यात क्षेत्रीय प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, समाजाशी जोडलेलं काम आहे, आणि या प्रत्येकाचा अहवाल लिहायचा आहे. पदव्युत्तर वर्गांना संशोधन प्रकल्प आहे. पीएच.डी.च्या प्रबंधांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे नियम लागू आहेत: दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढत जाते आणि साठ टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. दुकानातल्या प्रकल्पावर पदवी काढलेला मुलगा या टप्प्यावर येतो तेव्हा उतारा आपल्या शब्दांत कसा मांडायचा आणि कुणाचं म्हणणं कुणाच्या नावावर सांगायचं, हे त्याला कधीच कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी मागणी स्पर्धा परीक्षांची. गावोगावच्या अभ्यासिकांत सकाळपासून रात्रीपर्यंत मुलं बसलेली दिसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा अनेक वर्षं मुख्यतः बहुपर्यायी होती. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ती वर्णनात्मक करायचं ठरवलं. 2023च्या सुरुवातीला पुण्यात हजारो उमेदवार रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत 2025 पासून लागू करा, आम्हाला वेळ द्या, अशी मागणी त्यांनी केली. आयोगाने ती मान्य केली. आता त्या परीक्षेत निबंधाची स्वतंत्र 250 गुणांची प्रश्नपत्रिका आहे. त्या आंदोलनात मागण्या अनेक होत्या, पण तळाशी एक साधं वास्तव होतं. पदवीपर्यंतची पंधरा वर्षं शाळा-महाविद्यालयात घालवलेल्या तरुणांना स्वतःच्या शब्दांत चार पानं लिहिण्यासाठी आणखी दोन वर्षं हवी होती. हा दोष त्या तरुणांचा नाही. त्यांना पाठांतराने गुण देत आलेल्या व्यवस्थेचा तो हिशेब आहे.

खोलीत काय घडतं

लेखन कक्षात नेमकं काय होतं, ते एका कल्पित बैठकीतून पाहू. समजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर क्षेत्रीय प्रकल्प करते आहे. तिने एक पान लिहून आणलं आहे. पहिलं वाक्य आहे: भारत हा कृषिप्रधान देश आहे. पुढे उसाचं महत्त्व, साखर कारखानदारीचा इतिहास, शिक्षणाचं महत्त्व. समोर एम.ए.ला असलेली एक ताई बसली आहे. तिच्या हातात लाल पेन नाही. ती म्हणते, ‘मोठ्याने वाचून दाखव.’ मुलगी वाचते. मग प्रश्न सुरू होतात.

‘तुझ्या गावातून किती कोयते जातात गं?’

‘लई जातात ताई. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर म्हातारी माणसंच राहतात.’

‘उचल कधी मिळते?’

‘मुकादम आधीच देतो. ती फिटेपर्यंत जावंच लागतं.’

‘आणि लेकरं?’

‘काही टोळीसंगं जातात. माझा भाऊ हंगामी वसतिगृहात होता. मी आजीपाशी राहिले. म्हणून तर बारावी झाली माझी.’

‘हे यात का नाही लिहिलंस?’

‘हे पण लिहायचं असतं का?’

त्या खोलीचं सगळं काम या शेवटच्या प्रश्नात आहे. मुलीला विषय माहीत आहे, तिच्या प्राध्यापकांहूनही जास्त माहीत आहे. कोयता म्हणजे एक जोडपं, उचल म्हणजे फेडायचं कर्ज, हंगाम म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतचे शाळेचे सगळ्यात महत्त्वाचे महिने, हे तिने भोगलेलं आहे. तिला एवढंच माहीत नाही की ज्ञान म्हणतात ते यालाच. शाळेने तिला शिकवलं की लेखन म्हणजे पुस्तकातली वाक्यं पुस्तकासारखी उतरवणं. समोर कुतूहलाने विचारणारा माणूस बसला की पंधरा मिनिटांत तिचा खरा विषय वर येतो. मग ती ठरवते की आपल्या गावातल्या काही कुटुंबांशी बोलायचं, कुणाची मुलं टोळीबरोबर गेली आणि कुणाची मागे राहिली याची नोंद करायची, आणि मागे राहणाऱ्यांना कशामुळे राहता आलं हे शोधायचं. कृषिप्रधान देशाचं वाक्य ती स्वतःच खोडते.

ताईने तिला एकही वाक्य लिहून दिलेलं नाही, हे महत्त्वाचं. लेखन कक्षाचा पहिला नियम तोच असतो. दुसरा नियम क्रमाचा. आधी म्हणणं काय आहे ते बघायचं; मग ते कोणत्या क्रमाने मांडलं आहे; त्यानंतर वाक्यं; आणि सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. पहिल्याच ओळीतल्या वेलांटीवर बोट ठेवलं जातं आणि मुलगा मिटतो. त्याचं म्हणणं काय होतं, हे कुणाला कळतच नाही. शुद्धलेखन हवंच. पण जे वाक्य पुढे खोडायचंच आहे त्याच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात वेळ का घालवायचा?

कमीपणा कसला

अशी खोली उघडली तरी विद्यार्थी येतील का? अनुभव सांगतो की आपोआप येत नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठीची खोली, असा शिक्का तिच्यावर पटकन बसतो. तिच्या दारात दिसणं म्हणजे आपलं अज्ञान जाहीर करणं, असं मुलांना वाटतं. ही अडचण फक्त मराठवाड्याची नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1930च्या दशकात लेखनाची प्रयोगशाळा सुरू झाली. पण आपल्या परिस्थितीशी सगळ्यात जवळचा अनुभव आहे तो न्यूयॉर्कचा. तिथल्या सिटी विद्यापीठाने 1970 साली प्रवेशाचे दरवाजे शहरातल्या सर्व शाळा-उत्तीर्ण मुलांना उघडले. घरात ज्यांच्या आधी कुणी महाविद्यालय पाहिलं नव्हतं अशी कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन, स्थलांतरित कुटुंबांतली मुलं मोठ्या संख्येने आली. त्यांच्या पहिल्या उत्तरपत्रिका पाहून अनेक प्राध्यापक हताश झाले. ही मुलं शिकण्यापलीकडची आहेत, असं बोललं जाऊ लागलं. मीना शॉनेसी नावाच्या प्राध्यापिकेने मात्र अशा सुमारे चार हजार निबंधांचा बारकाईने अभ्यास केला आणि 1977 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं की या मुलांच्या चुका बेफिकिरीच्या नाहीत, त्यांच्यामागे एक तर्क आहे. बोलण्याच्या भाषेचे नियम मुलं लिहिण्याच्या भाषेला लावून पाहतात; लिहिण्याचा सराव नसल्यामुळे त्यांची वाक्यं अडखळतात. चूक कशामुळे झाली हे शिक्षकाला कळलं, तर मूल शिकू शकतं.

त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात केनेथ ब्रुफी या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की मदतीची सोय करूनही मुलं तिकडे फिरकत नाहीत. शिक्षकासमोर बसणं त्यांना वर्गाचाच आणखी एक तास वाटे. मग त्यांनी विद्यार्थ्यांनाच शिकवून तयार केलं आणि विद्यार्थ्यांसमोर बसवलं. मुलं येऊ लागली. शिवाय मदत करणाऱ्या मुलांचं स्वतःचं लेखनही सुधारलं, कारण दुसऱ्याचा मसुदा लक्ष देऊन वाचणारा माणूस आपल्या मसुद्याकडेही नव्याने पाहतो. 1984 साली स्टीफन नॉर्थ यांनी या कामाचं सूत्र मांडलं. त्याचा आशय असा की समोरचा कागद सुधारणं हे लेखन कक्षाचं काम नाही, लिहिणारा सुधारला पाहिजे. आज आपल्या देशातही सोनीपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे. पण ज्या महाविद्यालयात बहुसंख्य मुलं घरातली पहिली पदवीधर होणार आहेत, तिथे त्याची गरज कितीतरी जास्त आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगायचं ते हे: कच्चं लेखन दाखवणं हे कच्चेपणाचं लक्षण नाही. जो जितका गंभीरपणे लिहितो तितका तो आपला मसुदा दाखवतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवताना तिच्यात काय साधलं नाही हे तपशिलाने कळवत. मराठीतले कितीतरी मोठे लेखक त्या पत्रांनी घडले. लेखन कक्ष हुशार मुलांसाठीही आहे. किंबहुना वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीने आधी तिथे जावं, म्हणजे तो शिक्का बसायच्या आधीच पुसला जाईल.

आपल्याच मातीतले दाखले

परक्या विद्यापीठांची उदाहरणं दिली म्हणून ही कल्पना परकी ठरत नाही. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथामागे, ‘लीळाचरित्रा’मागे, हीच रीत आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात महाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे ते गावोगाव गेले, आठवणी ऐकल्या, लिहून घेतल्या, आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पारखून घेतल्या. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर तो फरकही नोंदवला. तेराव्या शतकातला हा माणूस क्षेत्रीय काम करतो, माहिती देणाऱ्यांची नावं नोंदवतो आणि जाणत्या वाचकाकडून मजकूर तपासून घेतो. आजच्या प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला गुरू शोधावा लागणार नाही.

दुसरा दाखला मराठवाड्यातलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. गावकुसाबाहेरून आलेली, शतकानुशतकं अक्षरापासून दूर ठेवलेल्या घरांतली मुलं इथे शिकायला आली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं, मुलांना रंगमंचावर उभं केलं. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अनुभव त्यांनी इथल्या तरुणांपुढे ठेवला आणि तुमचं जगणं तुम्हीच लिहा असा आग्रह धरला. 1967 साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघालं. ते पुढे ‘अस्मितादर्श’ झालं. गंगाधर पानतावणे यांनी ते 2018 सालच्या आपल्या निधनापर्यंत निष्ठेने चालवलं. खेड्यापाड्यातून आलेल्या पहिल्यावहिल्या कविता, आत्मकथनाची पानं, टीकालेख त्यांनी वाचले आणि छापले. लेखक आणि वाचक समोरासमोर बसतील असे मेळावे भरवले.

मिलिंदमध्ये लेखन कक्ष या नावाची खोली नव्हती. पण तिथल्या मुलांना ती खोली जे देते ते मिळालं. तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे असा विश्वास देणारा शिक्षक मिळाला, मन लावून वाचणारा संपादक मिळाला, आणि सोबत लिहिणारे मित्र मिळाले. भारतीय साहित्याची दिशा बदलणारा एक प्रवाह त्यातून वाहता झाला. अशी माणसं नशिबाने भेटतात. ती नशिबावर न सोडता दर वर्षी, दर मुलाला भेटावीत, यासाठीच व्यवस्था लागते.

कोणत्या भाषेत

अंबाजोगाई परिसरातलं मूल घरी जे बोलतं ते त्याच्या क्रमिक पुस्तकात नसतं. ते ‘करायलालो’ म्हणतं, ‘आलतो’, ‘काहून’ म्हणतं. वर्गात या बोलीवर हसू उमटलं की मूल बोलायचं थांबतं आणि लिहिताना तर पुस्तकी वाक्यांच्या मागेच दडतं. लेखन कक्षात बोलण्याची भाषा घरची असावी. विचार त्याच भाषेत मोकळा होतो. मग अहवालासाठी, परीक्षेसाठी प्रमाण मराठी लागते, तर ती शिकायची. पण घरची भाषा चुकीची म्हणून नव्हे, प्रसंगाला दुसरी भाषा लागते म्हणून. 1983च्या अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. त्यांच्याकडे मॅट्रिकचंही प्रमाणपत्र नव्हतं. माणदेशातल्या माणसांना त्यांच्या बोलीसकट त्यांनी मराठी साहित्यात आणलं, आणि 1949 सालच्या ‘माणदेशी माणसं’नंतर मराठी कथेतलं खेडं पूर्वीसारखं राहिलं नाही. तो माणूस या गावात अध्यक्षपदावरून बोलला, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं.

इंग्रजीचंही तसंच. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी., एम.एस. करणाऱ्यांना प्रबंध लिहावाच लागतो आणि तो इंग्रजीत असतो. विज्ञान शाखेच्या मुलांना प्रकल्प अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला हुशार मुलगा रुग्णाबद्दल बोलताना अचूक बोलतो आणि लिहिताना तयार वाक्यांवर विसंबतो. त्याने आधी आपलं म्हणणं मराठीत मांडावं, कुणाला तरी समजावून सांगावं आणि मग इंग्रजीकडे वळावं. विचार आधी स्पष्ट झालेला असला की पुढे भाषेचं काम तेवढं उरतं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्याचा अहवाल लिहिताना दुसऱ्याचं दुःख कागदावर आणायचं असतं. तिथे नेमकेपणा आणि माणसाची प्रतिष्ठा दोन्ही सांभाळायला आणखी एक डोळा लागतो.

आता चॅटजीपीटीसारखी साधनं मोबाइलवर आली आहेत आणि ती मराठीतही मजकूर लिहून देतात. शब्दाचा अर्थ विचारायला, एखादा संदर्भ समजून घ्यायला त्यांचा उपयोग आहे. पण प्रकल्प लिहून दे म्हटलं की ती तयार पानं देतात. म्हणजे डीटीपीच्या दुकानातली फाइल आता खिशात आली एवढाच फरक. त्या यंत्राला आजी माहीत नाही, उचल माहीत नाही, दिवाळीनंतरची ओस गल्ली माहीत नाही. मुलीला ‘हे यात का नाही लिहिलंस?’ असं विचारणारा माणूस तिच्या समोर बसलेला असावा लागतो.

खर्च फारसा नाही

लेखन कक्षाला इमारत लागत नाही. ग्रंथालयाशेजारी एक खोली, दोन-तीन टेबलं, समोरासमोर खुर्च्या, काही कोश, एक नोंदवही. जागा ग्रंथालयाजवळ असावी, प्राचार्यांच्या दालनाजवळ नको. एका प्राध्यापकाकडे तिची जबाबदारी द्यावी आणि तो वेळ त्याच्या कार्यभारात धरावा. नुसत्या उत्साहावर सुरू झालेली कामं दुसऱ्या वर्षी बंद पडतात. पदव्युत्तर आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली निवडून त्यांना लेखनमित्र म्हणून तयार करावं. निवड करताना गुणांपेक्षा ऐकून घेण्याची सवय पाहावी. सगळ्या विषयांचे लेखनमित्र हवेत. हे फक्त मराठी विभागाचं काम समजलं गेलं तर वाणिज्य आणि विज्ञानाची मुलं येणार नाहीत.

वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळली पाहिजे. गावाकडची मुलं दुपारची गाडी धरतात. संध्याकाळी चारला उघडणारी खोली फक्त अंबाजोगाईतच राहणाऱ्या मुलांची होईल. सकाळच्या तासांमध्ये बैठका ठेवाव्यात, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची असावी. मुलींना निर्धास्त बसता येईल अशी ती जागा असावी. काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही, आणि कोण आलं होतं याचा गुणांशी संबंध जोडायचा नाही, हे नियम दारावर लिहून ठेवावेत.

शिक्षकांनी एक केलं तरी खोली भरेल. प्रकल्पाची एकच अंतिम तारीख न देता दोन द्याव्यात: एक कच्च्या मसुद्याची, दुसरी पक्क्याची. कच्च्याला गुण नकोत, पण तो कुणाला तरी वाचून दाखवल्याची नोंद हवी. एवढ्याने शेवटच्या रात्रीची धावपळ कमी होईल आणि दुकानातल्या तयार फाइलचा उपयोगही संपेल.

कक्षाची दारं अभ्यासक्रमाबाहेरच्या लेखनालाही उघडी असावीत. शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीसाठीचं पत्र, पीक विम्याची तक्रार, माहिती अधिकाराखालचा अर्ज, ग्रामसभेत मांडायचा ठराव. घरात लिहिता येणारी व्यक्ती एकच असते तेव्हा सगळ्या घराचं कागदोपत्री काम तिच्यावर येतं. मुद्देसूद, मागणी स्पष्ट करणारा अर्ज लिहिता येणं ही त्या घराची ताकद असते.

विद्यार्थ्यांना

शेवटचं बोलणं थेट तुमच्याशी. तुमच्या महाविद्यालयात अशी खोली असेल तर तिथे जा. जाताना प्रश्न किंवा विषय जसा दिला आहे तसा सोबत न्या, आणि जे काही लिहिलं असेल ते न्या. अर्धं पान चालेल, नुसते मुद्दे चालतील, काहीच सुचत नसेल तर तेही सांगायला जा. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारा. समोरच्याला जे कळलं नाही ते तुमच्या कागदावर अजून आलेलं नाही, असं समजा आणि तिथून पुढे लिहा. स्वतःचं लेखन मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्यही अडखळलेलं असतं. सल्ला पटला नाही तर घेऊ नका. लेखन तुमचं आहे, त्यावर शेवटचा शब्द तुमचाच.

खोली नसेल तर मागा. विद्यार्थी प्रतिनिधींनी प्राचार्यांना अर्ज द्यावा. लेखन कक्षाचं पहिलं लेखन तोच अर्ज होऊ शकेल. आणि मंजुरी येईपर्यंत थांबूही नका. तीन-चार जणांनी आठवड्यातून एकदा ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसावं, एकमेकांची दोन-दोन पानं वाचावीत, प्रश्न विचारावेत. दर सत्रात निदान एक लेखन जमा करण्याआधी कुणाला तरी वाचून दाखवायचं, एवढा नेम प्रत्येक विद्यार्थ्याने करावा. आणि ते वाचायला माणूस बसवायची जबाबदारी येत्या सत्रापासून अंबाजोगाईतल्या प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावी.